दाट दूध

सान बेनितो बेटावर त्या फेब्रुवारीत ब्रिजिदा नवऱ्याचं जेवण घेऊन निघाली होती. नासारिओ पलीकडच्या किनाऱ्यावर शेवंडांचे पिंजरे दुरुस्त करत होता. एका हातात टोपली, कडेवर दीड वर्षाची लेक, मेचे.

"लगेच परत ये," सासू म्हणाली. "तिकडे गेलीस की तुला घर आठवत नाही."

किनारा जवळ आला तेव्हा चपलेचा बंद सुटला. ब्रिजिदानं पोरीला खाली ठेवलं, वाकली, आणि समुद्रावरून धुकं आलं. हात पुढे केला तर बोटं दिसेनात. चाचपलं, तर मेचे नव्हती.

वाट जिथे उतरत होती त्या खालच्या पुळणीवर हत्तीसीलांचा कळप होता. ओल्या केसांचा, सडक्या माशांचा वास वर येत होता. नर घशातून घुमत होते, रिकाम्या पिंपावर कुणी सावकाश ठोकावं तसे.

"मेचे..."

हाक ऐकून नासारिओ धडपडत आला. "हळू चल. एखादा नर अंगावर आला तर..."

"पोर खाली आहे. भरती चढतेय."

तेवढ्यात आवाज आला. चुप, चुप. कुणीतरी चोखत होतं.

दोघं रांगत गेले. एक मादी कुशीवर पडली होती. लाटा तिच्या पाठीवर फुटत होत्या. तिच्या पोटाशी मात्र वाळू कोरडी होती. तिथे मेचे निजलेली, ऊबदार. अंगावर मादीचा वल्ह्यासारखा पर. ओठांवर लोण्यासारखं दाट, पांढरं दूध.

"सावकाश," ब्रिजिदा पुटपुटली. "ती मादी उठेल..."

नासारिओनं दोन्ही हात लावून पर उचलला. तो वाकत नव्हता.

"ही नाही उठायची," तो म्हणाला. "परवाच नराखाली चिरडून मेली. मी बघत होतो..."

ब्रिजिदानं मादीच्या अंगाला हात लावला. दगडासारखं गार. ती तिथेच गुडघ्यांवर बसली, कपाळ त्या गार कातडीला टेकवलं. "तुझे फार उपकार झाले, बाई."

टोमणे मारणाऱ्या सासूनं त्या दिवशी देवमातेपुढे एक मेणबत्ती जास्तीची लावली. मादीचं शरीर समुद्रानं नेईपर्यंत ब्रिजिदा रोज जाऊन त्यावर ओलं शेवाळ पांघरत राहिली.

मेचे छान वाढतेय. साधी सर्दीसुद्धा होत नाही. फक्त दुपारी झोपली की तिचा श्वास थांबतो. पुळणीवर निजलेले सील रोखून धरतात तसा, किती तरी वेळ. ब्रिजिदा आता तिला हलवून उठवत नाही. छातीवर हात ठेवून वाट बघत बसते.