मधल्या खोलीतली रेघ

अंबडच्या रशीद मिस्तरीला भुताखेतांपेक्षा भेसळीच्या सिमेंटची भीती जास्त. म्हणूनच वडीगोद्रीजवळच्या त्या घराबद्दल तो बोलतो, तेव्हा ऐकणारे हसत नाहीत.

ओढ्याचं पाणी त्या घरात शिरून दोन दिवस मुक्काम ठोकून होतं. साखराबाईंनी गाळ उपसला, भिंती धुतल्या, फिनेल टाकलं. तरी कुजक्या ज्वारीसारखा एक वास काही केल्या जाईना. त्यांची सून रेणुका सव्वा महिन्याचं बाळ घेऊन रशीद तिथं गेला त्याच दिवशी माहेराहून परतणार होती. मुलगा अंगद तिला आणायला गेला होता. पाळणा मधल्या खोलीत बांधायचा होता, आणि तिथली जमीन पाण्यानं खचली तर नाही ना, तेवढं रशीदनं सांगायचं होतं.

काम तसं सोपं. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, एक टोक आपण धरायचं, दुसरं दुसऱ्या माणसानं. दोन्हीकडं पाणी एकाच पातळीला थांबतं. तिथं रेघ मारायची आणि जमिनीपासून मोजायचं. ओसरी आणि मधली खोली मुळात एकाच पातळीची, म्हणून रशीदनं ओसरीच्या भिंतीवर जमिनीपासून तीन फुटांवर खूण केली. नळीचं दुसरं टोक आणि पेन्सिल त्यानं मधल्या खोलीच्या खिडकीतून आत सरकवली.

"मावशी, धरा जरा."

नळी आतून अलगद ओढली गेली.

"थांबलं का पाणी?"

"थांबलं..." बाईचा आवाज, पार बसलेला. गाळ उपसून दमल्या बिचाऱ्या, असं रशीदला वाटलं.

"मंग रेघ मारा."

भिंतीवर पेन्सिल करकरली. तो टेप घेऊन आत गेला. खोलीत कोणी नव्हतं. मावशी चुलीकडं गेल्या असतील. त्यानं रेघेपासून खाली मोजलं. तीन फूट, नेमकं. त्याला हायसं वाटलं.

"जमीन बिलकुल हलली न्हाई, मावशी," तो मोठ्यानं म्हणाला.

"कोणाशी बोलून राह्यलात, रशीदभाई?"

आवाज अंगणातून आला. साखराबाई हापशीवरून भरलेली घागर घेऊन येत होत्या. त्यांना धाप लागली होती.

रशीदनं पायाशी पाहिलं. नळीचं टोक जमिनीवर पडलं होतं. असं पडलं की सगळं पाणी सांडून जातं, हे त्याला वीस वर्षांपासून ठाऊक. तरी नळी काठोकाठ भरलेली होती.

बाईमाणसाला कशाला घाबरवा, म्हणून तो काही बोलला नाही. त्यानं साखराबाईंच्या हातात टोक दिलं, दार सताड उघडं ठेवलं आणि पुन्हा माप घेतलं. या वेळी पाणी त्या रेघेच्या वीतभर वर थांबलं. म्हणजे जमीन वीतभर खचली होती, आणि कोणीतरी खोटी रेघ मारून ते झाकलं होतं. त्यानं हातोडीच्या दांड्यानं फरशी ठोकली. खालून पोकळ आवाज आला.

"इथं खाली काय हाये, मावशी?"

साखराबाईंनी फरशीवरचा पाय मागं घेतला. "पेव व्हतं. ज्वारी साठवायचं. आमच्या सासूची जाऊ, साळूबाई, ज्वारी काढायला उतरली... आतल्या हवेनं तिथंच गुदमरली. तवा बुजवलं म्हंतात." मग त्या हळूच म्हणाल्या, "तान्हं लेकरू वर ठिवून उतरल्ती."

रशीदनं त्यांना हाताला धरून अंगणात आणलं आणि तिथूनच अंगदला फोन लावला. "अंगद, बाळाला घरी आणू नको. मधल्या खोलीखाली पोकळ हाये. मी मावशीला घेऊन तिकडंच येतो."

"आम्ही फाट्यावर आलोत," अंगद म्हणाला. तो गोंधळल्यासारखा थांबला. "पण रशीदभाई, तुमच्या मागून आई तर सारखी म्हणून राह्यली... आणा, जल्दी आणा. कोणाचं ऐकू आम्ही?"

साखराबाई रशीदच्या समोर उभ्या होत्या. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते.