मे महिन्यातले तीन रविवार

मी तळेगावात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. एखादा आकडा विचित्र आला की नमुना पुन्हा तपासायचा, मगच रिपोर्टवर सही करायची, ही माझी सवय. म्हणून जे ऐकलं ते ऐकलं तसंच सांगते.

यंदा आम्ही जुनी गाडी घेतली. अतुलला, माझ्या नवऱ्याला, कंपनीत रविवारी सुट्टी असते. पाच वर्षांची समीक्षा घरात कंटाळली होती. ठरलं की मे महिन्यात दर रविवारी सकाळी सहाला निघायचं आणि ऊन चढायच्या आत परतायचं.

पहिल्या रविवारी कार्ल्याची लेणी पाहिली. चैत्यगृहात दगड गार होते. आजीने शिकवलेलं 'बुद्धं सरणं' समीक्षाने म्हटलं आणि आवाज घुमला तशी ती खुदकन हसली. उतरताना पायऱ्यांच्या कडेला एक म्हातारी पळसाच्या पानांत करवंदं घेऊन बसली होती.

"आज लवकर आलात, भाऊ," ती अतुलला म्हणाली. "पोरीचा ताप उतरला का?"

"कसला ताप?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे बघितलं आणि करवंदांवर पान ओढलं.

"मी शाळेच्या सहलीनंतर आजच येतोय, मावशी," अतुल म्हणाला.

"व्हय का?" तिला ते पटलेलं दिसलं नाही.

रोज शेकडो माणसं बघणाऱ्या बाईची गल्लत होणारच. मी विषय सोडून दिला.

दुसऱ्या रविवारी पवना धरणाच्या काठी गेलो. पाणी पार आत सरकलं होतं. तडकलेल्या चिखलाला वाळलेल्या मासळीचा वास येत होता. काठावर रतन नावाच्या माणसाची चहाची टपरी होती, तिथे बसलो. आम्ही काही सांगायच्या आधीच त्याने अतुलपुढे बिनसाखरेचा चहा ठेवला आणि समीक्षापुढे दूध, गाळून. समीक्षाला दुधात सायीचा कण चालत नाही. हे आमच्या घराबाहेर कोणाला माहीत असायचं कारण नव्हतं.

"आन् ताई, तुमाला?" त्याने मला विचारलं. "पाहुण्या का?"

"मी हिची आई."

त्याने अतुलकडे बघितलं. "मागल्या टायमाला वैनी व्हत्या की तुमच्यासंगं. उंच, लय हसायच्या."

"दुसरं कोणी असेल," अतुल म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. लग्नाला सात वर्षं झाली. ते कान मी ओळखते.

सोमवारपासून तपासायला लागले. त्याच्या फोनमधल्या नकाशाच्या नोंदीत आमचे दोन रविवार सोडले तर महिनाभर फक्त कंपनी आणि घर होतं. रविवार सोडून कंपनीत त्याची एकही सुट्टी पडली नव्हती. सासूबाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, मी ड्युटीवर असताना हे समीक्षाला कुठे नेतात का?"

"न्हाई गं," भागुबाई म्हणाल्या. "पोर माझ्यापाशीच आसती. का?"

"काही नाही."

नमुना स्वच्छ होता. तरी मला सही करवेना. अंघोळ घालताना मी समीक्षाला विचारलं, "बाबांसोबत धरणावर आणखी कोण आलं होतं?" तिने डोळ्यांतलं पाणी निपटलं आणि म्हणाली, "तू." मला माझीच लाज वाटली.

तिसऱ्या रविवारी कुठे जायचं ते मी ठरवलं आणि कोणालाच सांगितलं नाही. कामशेतला म्हटलं, "डावीकडे घे." बेडसे गावाची पाटी दिसल्यावर म्हटलं, "इथे."

अतुलने गाडी वळवली. का, कशाला, काहीच विचारलं नाही.

बेडशाच्या लेण्यांच्या पायथ्याशी करंजाच्या सावलीत एक म्हातारे कैऱ्या कापत बसले होते. आमच्याशिवाय तिथे दुसरं कोणी नव्हतं. अतुलला बघताच ते गुडघ्यावर हात देऊन उठले.

"कोंडाजी," ते आपल्या छातीला हात लावून म्हणाले. "वळखलं ना भाऊ? त्या दिशी तुमच्यासंगं वर चढलो व्हतो. चार घंटे हाका मारल्या आमी. पाण्याच्या टाक्यापतुर बघितलं."

त्यांनी कैरीची एक फोड मीठ-तिखट लावून समीक्षाच्या हातात दिली.

"पोर मात्र रडली न्हाई हां. शानी हाय."

मी अतुलकडे बघत होते. त्याने विचारायला हवं होतं, कोणाला हाका मारल्या? कोण हरवलं होतं?

तो जमिनीकडे बघत होता.

"कोणाला शोधत होता, आबा?" शेवटी मीच विचारलं.

कोंडाजी समीक्षासमोर उकिडवे बसले.

"सापडली का गं तुझी आई?"

माझा हात पोटावर गेला, सिझेरियनच्या व्रणावर. व्रण तिथे होता.

समीक्षाने नकारार्थी मान हलवली.

"अजून न्हाई, आबा," ती म्हणाली. घरात आजी असं बोलते, पण समीक्षा कधीच नाही. "पण ही पण चांगली आहे."

आणि टाचा उंचावून तिने ती कैरीची फोड माझ्या तोंडाशी धरली.