कापा हवं तर, पुसू नका

या, बसा जवळ. एक गोष्ट सांगतो. फक्त मधे हसायचं नाही.

ही खरी घडलेली आहे. कुणा मित्राच्या मित्राला नाही, मला स्वतःला.

आणि रात्रीची नाही बरं का. भुतं रात्रीच येतात म्हणणाऱ्यांकडे कधी दिवसा कुणी आलं नसणार. माझ्याकडे आलं ते भर दुपारी, साडेतीनला, माझ्याच स्टुडिओत.

स्टुडिओ म्हणजे काय, दहा बाय बाराची खोली. एक स्टूल, मागे निळा पडदा, आरसा, कंगवा. मी पासपोर्ट फोटोवाला. चौथीत शाळा सुटली, कॅमेरा काही सुटला नाही. आणि आमची ही, म्हणजे माझी बायको, उजेड धरायची.

थर्माकोलचा मोठा पांढरा बोर्ड असतो. खिडकीचा उजेड त्याच्यावर घ्यायचा आणि माणसाच्या तोंडावर फेकायचा. सत्तावीस वर्षं तिने तो धरला. स्टँड आणू म्हटलं की म्हणायची, "स्टँडला कळतं का, माणूस कधी लाजतो ते?"

ती जागा बदलायची तेव्हा थर्माकोल कुरकुरायचा.

कुर्र... कुर्र.

तो आवाज लक्षात ठेवा.

तर, फोटोंची एक मोठी स्पर्धा होती. निवडलेले फोटो हॉलमध्ये लागतात, खाली नाव लिहितात. मला जन्मात एकदा 'फोटोवाला' सोडून 'फोटोग्राफर' व्हायचं होतं. आमच्या रस्त्याच्या टोकाला एक म्हातारा घड्याळजी बसतो. एका डोळ्यावर भिंग, दुसरा मिश्कील. म्हटलं, हाच.

थंडीतली दुपार, रस्ता गजबजलेला. येणारेजाणारे थांबून मोबाइलवर आमचेच फोटो काढत होते. ही हिरवा स्वेटर घालून डावीकडे बोर्ड धरून उभी.

"ताई, एवढा उजेड नका पाडू," घड्याळजी म्हणाला. "वय दिसेल माझं."

"काका, दिसावं म्हणूनच तर धरलाय."

म्हातारा हसला. मी बटण दाबलं.

असा फोटो पुन्हा निघत नाही.

घरी येऊन कॉम्प्युटरवर बघतो तर डाव्या कडेला ही आलेली. हिरवी बाही, कोपर, अर्धा गाल.

स्पर्धेचा नियम साधा होता. उजेड कमीजास्त करा, कडा कापा. पण फोटोत असलेलं काढायचं नाही, नसलेलं घालायचं नाही.

"मग कापा की," ती म्हणाली. कपड्यांच्या घड्या घालत होती.

"कापलं तर घड्याळजी पार कडेला जातो. पुसतो तुला."

तिचा हात थांबला.

"कापा हवं तर, पुसू नका. कापलं तर मी फोटोच्या बाहेर उभी आहे. पुसलं तर मी तिथे नव्हतेच."

"अगं, कोपर तर आहे. कोण बघतंय?"

"तेच म्हणते मी."

मी पुसलं.

पुसायचं म्हणजे मागच्या भिंतीचा तुकडा उचलायचा आणि तिच्यावर चिकटवायचा. त्या भिंतीला ओल धरली होती. एक डाग होता, माणसाच्या कानासारखा. घाईत तोच डाग दोनदा चिकटला. एकाखाली एक. शिकाऊ पोरही अशी चूक करत नाही. मला दिसलं होतं. म्हटलं, जाऊ दे.

तिने येऊन पाहिलं.

"छान. भिंत केलीत माझी."

एवढंच बोलली आणि पुन्हा घड्या घालायला बसली. मी फोटो स्पर्धेला पाठवून दिला.

महिन्याभरात ती गेली. सकाळी दात घासताना बेसिनपाशी खाली बसली, ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले हृदय. मीही लोकांना तेच सांगतो.

मुलगी आली. आठवा महिना चालू होता तिला. म्हणाली, "बाबा, आईचा एक छानसा फोटो मोठा करा. बाळाला आजी दाखवायला नको?"

फोटोवाल्याच्या घरी फोटोला काय तोटा. मी लग्नाचा अल्बम काढला.

पहिलं पान उघडलं.

मी उभा होतो. नवा शर्ट, चप्प बसवलेले केस. आणि माझ्या शेजारी...

भिंत.

भिंतीवर ओलीचे दोन डाग. एकाखाली एक. कानासारखे.

पान उलटलं. भिंत. पुढचं उलटलं. भिंत. मुलगी तान्ही असतानाचा एक फोटो होता, हिच्या मांडीवरचा. त्यात बाळ हवेत अधांतरी, आणि मागे ते दोन डाग. हिचं ओळखपत्र काढलं. नाव होतं, सही होती. फोटोच्या चौकटीत...

तेच.

मुलीने आपला मोबाइल काढला. बोटाने एकेक फोटो सरकवत गेली. मग बोट थांबलं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "तुम्ही काय केलंत?"

मी सगळं सांगितलं. ती रडली नाही, भांडली नाही. बॅग भरून गेली. तेव्हापासून फोनवर माझ्या गोळ्यांचं विचारते, आणि शेवटी एकच वाक्य. "मिळाला का?"

आता ती दुपार.

एक म्हातारी पासपोर्ट फोटोला आली होती. बोर्ड कोपऱ्यात भिंतीला टेकवलेला. ही गेल्यापासून मी त्याला हात लावला नव्हता. मी कॅमेऱ्याला डोळा लावला आणि...

कुर्र.

म्हातारीच्या डाव्या गालावर उजेड आला. हळूहळू. डोळ्यांखालचा काळोख गेला. बाई दहा वर्षांनी लहान दिसायला लागली.

माझं बोट बटणावरच राहिलं.

"अहो," म्हातारी डोळे मिचकावत म्हणाली, "तुमच्या बाईंना सांगा जरा खाली धरायला. डोळ्यांत येतंय."

मी मान वळवली नाही. वळवली तर काय दिसेल याची भीती नव्हती. काहीच दिसणार नाही, याची होती.

"जरा खाली घे गं," मी म्हणालो.

कुर्र...

उजेड खाली आला.

फोटो काढून वळलो तेव्हा बोर्ड कोपऱ्यातच होता. म्हातारी म्हणाली, "आत्ता होत्या की. हिरव्या स्वेटरवाल्या."

त्याच आठवड्यात स्पर्धेवाल्यांचा फोन आला. पहिला नंबर. फक्त मूळ फोटो तपासायचा आहे, कॅमेऱ्यातलं कार्ड घेऊन या.

मला नंबर नको होता. त्या कार्डात तरी ती असेल म्हणून मी धावत गेलो.

परीक्षक बाईंनी कार्ड लावलं. मूळ फोटो उघडला...

भिंत. दोन डाग.

"अभिनंदन," बाई म्हणाल्या. "काडीचाही फरक नाही."

"बाई, मला बाद करा. मी पुसलंय. माझी बायको होती तिथे."

"काही केलं नाही म्हणून रडणारे रोज येतात, काका. केलंय म्हणून रडणारे तुम्ही पहिले."

"हे दोन डाग बघा, एकसारखे."

"जुनी भिंत आहे. डाग असायचेच."

"मग त्याच्या तोंडावरचा उजेड आला कुठून?"

बाई पुढे झुकल्या. घड्याळजीचा उघडा डोळा मोठा करत गेल्या. मोठा, अजून मोठा. बुबुळात एक पांढरा चौकोन होता. बोर्ड. आणि त्याच्या खालच्या कडेला...

चार बोटं.

बाईंनी पडद्यावर बोट ठेवून ती एकेक मोजली.

"स्टँडला बोटं नसतात," त्या शेवटी म्हणाल्या. त्यांनी हिचं नाव विचारलं आणि कागदावर लिहून घेतलं. फोटो बाद केला. मी त्यांचे पाय धरायचा तेवढा राहिलो.

घरी आलो, तोच डोळा पुन्हा मोठा केला.

तीन बोटं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडला, तर दोन.

आता एक उरलंय. मी कॉम्प्युटरवर चादर टाकून ठेवलीय. नात झाली, तीन महिन्यांची आहे. तिला दाखवायला माझ्याकडे एक बोट आहे, आणि तेही मी उघडत नाही.

दुपारी साडेतीनला अजून कुर्र होतं. पण उजेड दिवसेंदिवस कमी पडतोय. दमली असेल. किंवा रुसली असेल. मी रोज माफी मागतो, उत्तर येत नाही.

म्हणून तुम्हाला बसवून घेतलं.

त्या दुपारी रस्त्यावर पुष्कळ लोक मोबाइल काढून उभे होते. तुमच्यातलंही कुणी असेल. जरा जुने फोटो बघा. घड्याळाचं दुकान, भिंग लावलेला म्हातारा, आणि डावीकडे पांढरा बोर्ड धरलेली हिरव्या स्वेटरची बाई. सापडली तर उजळवू नका. कापू नका. हलली असेल, अर्धीच आली असेल, तरी आहे तशी पाठवा.

आणि पाठवायच्या आधी पुन्हा पुन्हा उघडून बघू नका.

एवढं करा माझ्यासाठी.