पूर्वेची भिंत

सांगते, पण मध्येच ‘भास झाला असेल’ असं म्हणू नका. तो शब्द मी एकदा एका मुलीच्या तोंडावर फेकला होता. त्याची लाज मला अजून पुरते आहे.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. वसई-विरारमध्ये घरोघरी जाऊन पेशंटला उभं करायचं, चालवायचं, हे माझं काम. गेल्या वर्षी ऑक्टोबरात एका दवाखान्यातून निरोप आला. फुलपाड्याला एक आजोबा आहेत, खुब्याचं ऑपरेशन झालंय, वॉकर घेऊन चालायला शिकवायचंय. इमारतीचं नाव, चौथा मजला, वेळ दुपारी चार. मी स्कूटर लावली आणि वर गेले. लिफ्टमध्ये डोक्यात काय होतं म्हणाल, तर परत जाताना कोथिंबीर घ्यायची आहे, एवढंच.

दार मनोरमाकाकूंनी उघडलं.

मी त्यांना तिथल्या तिथे ओळखलं. त्यांनी मला नाही. बारा वर्षांपूर्वी याच जागेवर बैठी चाळ होती, त्यांच्या नवऱ्याची, आत्मारामकाकांची. चाळ पाडून तिथे ही इमारत उभी राहिली, हे मला कुणीतरी सांगितलं होतं, पण पत्ता वाचताना लक्षात आलं नाही. त्या चाळीतल्या शेवटच्या खोलीत मी आणि विनी भाड्यानं राहायचो. मी चिपळूणहून शिकायला आलेली. विनी पाचूबंदरच्या कोळी ख्रिश्चन घरातली, विरारच्या एका नर्सिंग होममध्ये पाळीवर कामाला. आमच्या मोरीची भिंत मालकांच्या कोठीच्या खोलीला लागून होती.

एका सकाळी विनी मोरीतून अर्धवट साबण अंगावर तशीच बाहेर आली.

“सुरुची, भिंतीत भोक हाय. साबनाच्या फलीखाली. मी पानी मारलं, नि वाकून डोला लावला, तर... पलीकडून बी डोला होता.”

आणि मी म्हटलं, “भास झाला असेल गं.”

का म्हटलं? कारण ते खरं असतं तर दुसरी खोली शोधावी लागली असती. परीक्षा तोंडावर होती. म्हणून. काका म्हणाले, जुनी भिंत आहे, खिळ्याचं भोक असेल. काकूंनी नळावर चार बायकांसमोर विनीला सुनावलं, “तुझ्याच मनात घाण आहे. माझा नवरा देवमाणूस आहे.” संध्याकाळपर्यंत भोक पांढऱ्या सिमेंटनं बुजलेलं होतं. नुसत्या खिळ्याच्या भोकासाठी एवढी घाई.

विनी त्याच आठवड्यात घरी गेली. नंतर तिच्या आईनं मला सांगितलं की ती अंधारात, सगळे कपडे घालून आंघोळ करायची. आठ महिन्यांनी एका संध्याकाळी ती जेट्टीवरून पाण्यात पडली. पाय घसरला, असं सगळे म्हणाले. तिच्या मयताला मी चर्चमध्ये अगदी मागच्या बाकावर बसले होते. पुढे जायची हिंमत झाली नाही.

तर, ते दार उघडलं तेव्हा मी परत फिरायला हवं होतं. पण रागानं माणूस मागे फिरत नाही, आत जातो.

बाहेर लख्ख ऊन होतं आणि त्या घरात ट्यूबलाइट जळत होती. सगळ्या खिडक्या बंद. खिडकीच्या फटींवर, दरवाजांच्या किल्लीच्या भोकांवर, स्वयंपाकघरातल्या पंख्याच्या जाळीवर, स्विचबोर्डच्या रिकाम्या सॉकेटवरसुद्धा तपकिरी चिकटपट्टी. कोंदट हवेत न धुतलेल्या अंगाचा वास. आणि त्याच्या आड आणखी एक वास, ओल्या फरशीचा, साबणाचा. तो कुठून येतो ते कळेना.

“एकोणीस दिवस आंघोळ नाही,” काकू पुटपुटल्या. “कपडे काढायचं म्हटलं की ओरडतात. बघतेय म्हणतात.”

“कोण?”

काकूंनी मान खाली घातली.

आतल्या खोलीत पलंगावर कुणीतरी डोक्यावरून चादर घेऊन बसलं होतं. समोर पूर्वेची भिंत. त्या भिंतीवर पांढऱ्या सिमेंटचे ठिपके होते, देवी आल्यासारखे. वर, खाली, पलंगाच्या उशाशी. पंचवीस-तीस तरी. मधोमध एक भोक उघडं होतं, पेन्सिलीएवढं.

“रोज बुजवते,” काकू म्हणाल्या. “सकाळी दुसरीकडे पडलेलं असतं. मिस्त्रीला दाखवलं. तो म्हणाला, बाहेरची भिंत आहे. पलीकडे काही नाही. खाली रस्ता.”

चादरीतून आवाज आला. “ही सुरुची आहे.”

मी नाव सांगितलं नव्हतं. चादर तशीच होती.

“पावलांवरून ओळखलं. तू डावा पाय जरा घासतेस. आंघोळीला जातानाही घासायचीस.”

काकू बाहेर गेल्या आणि दुसऱ्याच क्षणी बाहेरच्या खोलीत टीव्हीचा आवाज एकदम वाढला.

तेव्हा मला कळलं. चाळीतही असंच व्हायचं. आम्ही मोरीत गेलो की मालकांच्या घरात मालिका मोठ्यानं सुरू व्हायची. मी आणि विनी त्यावर हसायचो, काकूंना ऐकू कमी येतं म्हणून. त्या बाईला सगळं ऐकू येत होतं. तिला फक्त ऐकायचं नव्हतं.

“म्हणजे विनी खरं सांगत होती,” मी म्हटलं.

“मी कुणाच्या अंगाला हात लावला का?” चादर हलली. “बघितल्यानं कुणाचं काय गेलं?”

“मग का बघितलंत?”

मग तो बोलायला लागला. कुणाला तरी सांगायला तो किती वर्षं आसुसला असेल, हे त्या आवाजावरून कळत होतं, आणि त्याची मला शिसारी आली.

“ऑफिसात तीस वर्षं मला कुणी विचारलं नाही. साहेब आत येऊन शेजारच्याशी बोलायचा आणि निघून जायचा. घरी ही. हिच्याशी काय बोलणार... त्या भोकाशी उभं राहिलं की वाटायचं, मला माहीत आहे आणि तिला माहीत नाही. बस्स. शरीराचं काय, शरीर तर कुठेही दिसतं. ती बेसावध असायची, ते... ते माझं होतं. तिचं गाणं, तिचं स्वतःशी पुटपुटणं. जगात फक्त माझ्याकडे होतं. तिला कळलं असतं तर त्यात काही उरलं नसतं.”

“आणि विनीला कळलं.”

“तिनं उलटं बघायला नको होतं,” तो चिडून म्हणाला. आजही चिडून! “सगळं घाण करून टाकलं तिनं. असं बघितलं माझ्याकडे... मी म्हणजे कुणी चोर असल्यासारखं.”

मी पिशवी उचलली. निघणारच होते. तेव्हा तो मऊ आवाजात म्हणाला, “तुझं मात्र मी कुणाला सांगितलं नाही.”

“काय?”

“तुझ्या आईच्या तपासणीचा रिपोर्ट आला त्या दिवशी. तू नळ चालू ठेवलास, मैत्रिणीला ऐकू जाऊ नये म्हणून. निळ्या बादलीला मिठी मारून रडलीस. मग तोंड धुतलंस, आरशात हसायची तालीम केलीस आणि बाहेर गेलीस. कुणाला माहीत नाही. तू एकटी नव्हतीस, सुरुची. मी होतो ना.”

ती वीस मिनिटं मी कधीच कुणाला सांगितली नाहीत. नवऱ्यालाही नाही. आई जाईपर्यंत आणि गेल्यावरही, माझं म्हणून एवढंच होतं, की मी त्या दिवशी एकटीनं रडून घेतलं आणि एकटीनं उभी राहिले. बारा वर्षं मी माझ्यातल्या त्या मुलीचा आधार घेत आले. आणि तिथे हा होता. तोंडाला लाळ आणून, श्वास रोखून. वर म्हणतो, सोबत केली.

मला त्याचा गळा धरावासा वाटला. खरंच सांगते.

“एक काम कर,” तो म्हणाला. “सिमेंट तिथे वाटीत आहे. तुझ्या हातानं बुजव. हिचं ती ऐकत नाही. तू तिची मैत्रीण. तू बुजवलंस तर...”

आणि लाइट गेली.

टीव्ही थांबला. घर एकदम मुकं झालं. खोलीत अंधार झाला, पण पुरता नाही. खिडकीच्या पट्ट्यांच्या कडांनी बाहेरचं ऊन सोन्याच्या तारेसारखं चमकत होतं. प्रत्येक फट उजळली होती. फक्त ते भोक काळं होतं. बाहेरच्या भिंतीत, भर दुपारी, काळं कुळकुळीत. साबणाचा वास तिथूनच येत होता. आणि पाण्याचा आवाज... बादलीत नळाची बारीक धार पडावी तसा.

मी पाहत असताना त्या काळ्यात काहीतरी पांढुरकं सरकलं. ओलसर. मिटलं आणि उघडलं.

मी घाबरले का? घाबरले. पण राग गेला नाही. त्या डोळ्याची भीती वाटत होती आणि राग चादरीतल्या माणसाचा येत होता, दोन्ही एकाच वेळी. आणि राग मोठा होता.

“ऊठ,” मी म्हटलं.

“अं?”

“चालायला शिकायचंय ना? ऊठ. चादर काढ.”

मी चादर ओढून काढली. आत एक म्हातारा होता, बरगड्या दिसणारा, दाढी वाढलेला. त्यानं दोन्ही हातांनी छाती झाकून घेतली. अगदी बाईमाणसासारखी. मी वॉकर त्याच्या पुढ्यात ठेवला.

“आधी वॉकर. मग ऑपरेशनचा पाय. मग चांगला पाय.”

“नको... सुरुची, बाळा, तिकडे नको...”

“वॉकर. पाय. पाय.”

पाच पावलं. मी हे काम रोज करते, कुणाला कसं हलवायचं मला कळतं. भिंतीपाशी आणून उभा केला.

“तुला आवड आहे ना? बघ.”

आणि तो वाकला. मी वाकवलं नाही, शपथ घेऊन सांगते. त्याच्या अंगालाच ते ठाऊक होतं. मान एका बाजूला, श्वास बंद. डोळा भोकाला लागला.

“मोरी आहे,” तो कुजबुजला. “आपलीच... निळी बादली आहे. कुणी नाही. सुरुची, कुणीच नाही गं...”

त्याच्या आवाजात सुटका होती. आणि खाली कुठेतरी, सांगायला लाज वाटते, थोडी आशाही होती.

मग त्यानं डोळा भोकाला आणखी दाबला.

“कडी वाजली... ती आत येतेय.”

पाण्याची धार थांबली.

“पाठमोरी आहे... नाही. वळली...” त्याचा श्वास अडकला. “तिला माहीत आहे. सुरुची... तिला माहीत आहे...”

त्यानंतर तो बोलला नाही. जागचा हललाही नाही. लाइट आली, टीव्ही आपोआप किंचाळायला लागला, तरी तो तसाच वाकलेला. मी खांद्याला हात लावला. लाकूड. छाती मात्र वरखाली होत होती.

काकू दारात उभ्या होत्या. किती वेळ, कोण जाणे.

“त्यांना मागे घे गं. तुझ्या पाया पडते.”

“तुम्ही घ्या,” मी म्हटलं. “त्या सकाळी नळावर विनीला काय म्हणालात, आठवतंय?”

त्या रडायला लागल्या. मी थांबले नाही. पेशंटला अर्ध्यात टाकून जाणं हा माझ्या पेशात गुन्हा आहे. मी तो केला. जिन्यानं खाली उतरले, स्कूटर सुरू केली आणि थेट पाचूबंदरला गेले. विनीच्या आईपुढे बसून सगळं सांगितलं. तुमची मुलगी खरं बोलत होती आणि मी खोटं पाडलं, हेही सांगितलं. बाई हातातल्या रोझरीच्या जपमाळेचे मणी दाबत राहिली. मग म्हणाली, “ह्ये तिला जित्ती असताना सांगायचं होतं, पोरी.”



आत्माराम चौथ्या दिवशी गेला; निरोप देणाऱ्या दवाखान्यातूनच हे सगळं माझ्या कानावर आलं. तीन शेजाऱ्यांनी मिळून त्याला भिंतीपासून सोडवलं होतं. हॉस्पिटलात म्हणे त्याचा उजवा डोळा काही केल्या मिटेना. गेल्यावरही नाही. तो गेला त्याच दिवशी भोक आपोआप बुजलं. काकूंनी बोट फिरवून पाहिलं, भिंत गुळगुळीत होती. मला वाटलं, संपलं. थोडं बरंही वाटलं. पण मनातली आग तेवढीच राहिली. तो सुटला होता, असंच मला वाटत होतं. चार दिवसांत सुटला.

डिसेंबरात काकूंचा फोन आला. मी घेणार नव्हते, पण घेतला.

“सुरुची, इमारतीला रंग चाललाय बाहेरून. तो जयराम, रंगारी, दोरीच्या पाळण्यावरून खाली उतरलाय आणि परत वर जात नाहीये.” त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. “काल संध्याकाळी त्यानं आमच्या पूर्वेच्या भिंतीला पिवळा रंग दिला. बाहेरून. आज सकाळी बघतो तर ओल्या रंगात ठसे... दोन बायकी तळहात आणि मधे कपाळ. कुणीतरी भिंतीला टेकून आत बघत असल्यासारखे. चौथ्या मजल्यावर, गं. तिथे पाय ठेवायला जागा नाही.”



“एकीचे असते तर मी समजले असते,” काकू म्हणाल्या. “पण तो म्हणतो, चार तळहात आहेत, दोन कपाळं, दोघींचे. शेजारी शेजारी.”

मी फोन ठेवला आणि नळाखाली हात धरले. त्या सकाळपासून मी ते तिसऱ्यांदा धूत होते. उठले तेव्हाच दोन्ही तळव्यांना पिवळा रंग लागलेला होता. कपाळालाही. रॉकेलनं घासून पाहिलं. निघत नव्हता.