अजून थोडं फिरवा

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण हे खरं घडलंय. भरदुपारी, बेकरीमागच्या दुमजली घरात...

घर माझ्या आत्याचं. आतोबा गेल्यापासून ती एकटीच राहते आणि कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

गच्चीवर आतोबांचा जुना अँटेना होता. तिच्या मुलाने डिश बसवायला घेतली आणि म्हणाला, "आई, ते भंगार काढून टाकू."

"हात तर लावून बघ!"

तिला डिशही हवी होती आणि अँटेनावरच्या फुकटच्या वाहिन्याही. शेवटी डिशवालाच म्हणाला, "मावशी, एकाच वायरवर दोन्ही चालवू. वर एक डबी दोन्ही जोडेल, खाली दुसरी वेगळं करेल."

वरची डबी लावून, गच्चीच्या दाराला कडी घालून तो खाली आला. दुसरी डबी टीव्हीमागे बसवली. डिशच्या वाहिन्या झकास दिसल्या. अँटेनावर मात्र नुसत्या मुंग्या.

"अँटेनाची दिशा चुकलीय. फिरवून येतो," म्हणत तो उठला...

...आणि वर अँटेनाचा पाइप करकरला.

मुंग्या विरळ झाल्या. बातम्या देणारी बाई दिसायला लागली.

मग गच्चीवरून हाक आली...

"आलं का?"

डिशवाल्याच्या हातातली पकड खाली पडली.

आत्याने आवाज लगेच ओळखला. आतोबांचा! वर्षानुवर्षं ते वरून असंच विचारायचे, ती खालून सांगायची. चित्र लागलं की ते हात झटकत खाली यायचे.

चित्र तर लख्ख लागलं होतं. डिशवाला काही बोलणार, तोच आत्याने त्याचं तोंड दाबलं.

"अहो, नाही आलं! अजून थोडं फिरवा!"

पाइप पुन्हा करकरला. डिशवाल्याने पिशवी तिथेच टाकून धूम ठोकली.

"मला न्यायला आलेत," आत्या मला नंतर म्हणाली. "पण मी कशाला जाऊ? जन्मभर ऊठ म्हटलं की उठले. आता कुठे मनासारखा टीव्ही बघतेय, तर यांना घाई!"

मग रोज दुपारी हाक यायची. रोज ती ठणकावून "नाही" म्हणायची.

एकदा तिला सडकून ताप भरला. मुलगा सोबतीला आला. दुपारी टीव्हीसमोर त्याचा डोळा लागला...

"आलं का?"

तो अर्धवट झोपेतच ओरडला, "हो, आलं!"

करकर थांबली.

वरची कडी वाजली. जिन्यात पावलं... एकेक पायरी... खोलीत...

दिसत कुणीच नव्हतं. पण आत्याच्या उशाशी गादी दबली.

आत्याने डोळे उघडले. अंग तापाने फणफणलेलं, आवाज खणखणीत.

"काय आलंय रे? डोळे फुटले का तुझे? आणि तुम्ही... चित्र अजून हलतंय. वर जा बघू!"



मग गादी वर आली. पावलं जिना चढून गेली.

संध्याकाळी तिचा ताप उतरला. मुलगा हात जोडून म्हणाला, "आई, आता तरी तो अँटेना काढू."

"वेडा आहेस का? मग त्यांना वर काम काय उरेल?"



मागच्या रविवारी मी तिच्याकडे होते. दुपारी हाक आली. पण गच्चीवरून नाही...

जिन्यातून.

आत्याने मानसुद्धा वळवली नाही. "नाही म्हटलं ना!" असं ओरडून तिने टीव्हीचा आवाज वाढवला.

मी बराच वेळ कान देऊन बसले. पावलं वर गेल्याचं काही मला ऐकू आलं नाही.