दिवा विझला की निघणे

आधीच सांगतो, ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही. ती माझ्या हातून झालेली आहे.

या पेजवर लोक लिहितात तेव्हा खाली एक ओळ असते, नावे बदलली आहेत. मी एकही नाव बदललेलं नाही. का, ते शेवटी सांगतो.

आणि अमावस्या, मध्यरात्र असलं काही यात नाही. जे झालं ते दिवसाढवळ्या झालं, लख्ख उन्हात, आटपाडीत, बरंचसं माझ्याच गॅरेजमध्ये.

मी अजीम शिकलगार. मूळचा रहिमतपूरचा. काम शिकलो पाचगणीच्या एका हॉटेलात, पाहुण्यांना डोंगरावर फिरवायच्या गाड्या दुरुस्त करता करता. लग्नानंतर सासऱ्यांच्या जागेत आटपाडीला गॅरेज टाकलं. घरजावई म्हणून लोक चेष्टा करायचे, पण हाताला गुण होता, म्हणून गाड्या माझ्याकडेच यायच्या. त्या गुणाचा मला माज होता. तो आता उरलेला नाही.

नाथाजी सुभेदारांची बग्गी तशीच माझ्याकडे आली.

बग्गी म्हणजे पेट्रोलवर चालणारी, माळरानातून कुठेही घुसणारी छोटी गाडी. पुढे दोन सीट, मागे माल टाकायला हौदा, जाड नक्षीचे टायर आणि वरून लोखंडी नळ्यांचा पिंजरा. गाडी उलटली तर तो पिंजरा माणसाला वाचवतो. पण माणूस पिंजऱ्याच्या आत राहिला तरच. त्याला आत धरून ठेवायचं काम पट्ट्याचं.

सुभेदार फौजेतून निवृत्त झालेले. माळावरच्या उतारावर त्यांची डाळिंबाची बाग. एका बंद पडलेल्या हॉटेलची ही बग्गी त्यांनी घेतली आणि तिला पलटणीतल्यासारखी शिस्त लावली. इंजिन गार झाल्याशिवाय पेट्रोल भरायचं नाही. हौद्यात ठरल्यापेक्षा एक क्रेट जास्त नाही. उतारावर गाडी आडवी घालायची नाही. समोरच्या फळीवर त्यांनी पांढऱ्या रंगाने स्वतःच्या हाताने चार ओळी लिहिल्या होत्या.

तेल पाहणे.

हवा पाहणे.

ब्रेक पाहणे.

पट्टा लावणे, दिवा विझला की निघणे.

त्या गाडीत तशी सोय होती. पट्टा लॉकमध्ये नीट बसेपर्यंत समोर लाल दिवा लुकलुकायचा आणि गाडी बैलगाडीच्या वेगाच्या वर जायची नाही. खट् आवाज झाला, दिवा विझला, की मगच ती पळायची. सुभेदारांना ते फार आवडायचं. मला एकदा म्हणाले होते, "आजीम, मानूस खोटं बोलंल गड्या, ह्यो दिवा न्हाई बोलायचा."

मागच्या वर्षी फेब्रुवारीतला दुसरा शुक्रवार. सकाळचे साडेअकरा वाजले असतील. सुभेदारांचा मुलगा विश्वजीत बग्गी घेऊन आला, चालत्या माणसाच्या वेगाने. पट्टा लावला तरी दिवा विझत नव्हता. चार वाजता डाळिंब न्यायला व्यापाऱ्याची गाडी येणार होती आणि माल अजून बागेत पडून होता.

मी बघितलं. पट्ट्याच्या लॉकमध्ये फवारणीची पांढरी पूड आणि धूळ बसून घट्ट झाली होती. टोक आत जायचं, पण पूर्ण अडकायचं नाही. दिवा बिघडलेला नव्हता. दिवा खरं सांगत होता.

सीट काढून लॉक उघडायचं, धुवायचं, हवा मारायची. सगळं मिळून पाऊण तास. मला जुम्म्याच्या नमाजाला जायचं होतं, त्याआधी अंघोळ, त्याआधी दुसरी एक गाडी द्यायची होती. विश्वजीत डोक्यावर उभा.

मी सीटखाली हात घातला. लॉकमधून येणाऱ्या दोन तारा तोडल्या, एकमेकींना जोडल्या, वर काळी टेप गुंडाळली. पाच मिनिटं.

दिवा विझला.

आता पट्टा लावा, न लावा, तो दिवा कधीच लागणार नव्हता.

विश्वजीत खूश झाला. जाताना म्हणाला, "तात्यांस्नी सांगू नका. शिव्या घालतील." मी म्हटलं, सोमवारी आण, लॉक धुऊन तारा सरळ करून देतो. सोमवारी तो आला नाही. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं, कारण त्या दिवशी कामं भरपूर होती. फोन मीही केला नाही.

गुरुवारी दुपारी चारच्या सुमाराला सुभेदार गेले.

उतारावरून येताना पुढचं चाक दगडावर चढलं, बग्गी कलंडली आणि एक पलटी खाल्ली. सुभेदार बाहेर फेकले गेले. गाडी त्यांच्यावर आली. पिंजरा जसाच्या तसा होता, एक नळीही वाकली नव्हती. पंचनाम्यात लिहिलं गेलं, पट्टा उघडा होता.

मयतीला सगळं गाव होतं. मीही होतो. माझ्या कानांनी ऐकलं, लोक म्हणत होते, मिलिट्रीतला माणूस, दुसऱ्यांना शिस्त शिकवायचा आणि स्वतः पट्टा लावला नाही. कुणी तर हळूच म्हणालं, घेतली असेल थोडी. जन्मात थेंबाला न शिवलेला माणूस.

मी मान खाली घालून उभा राहिलो.

ज्या सोमवारी बग्गी यायची होती, त्याच्या पुढच्या सोमवारी ती आली. टेम्पोत घालून. विश्वजीतने उतरवली आणि माझ्याकडे न बघता निघून गेला.

दुपारचे दोन वाजले होते. कामगार जेवायला गेले होते. लाईट गेली होती, त्यामुळे पंखा बंद, कॉम्प्रेसर बंद. मी सगळ्यात आधी काय केलं असेल?

बॅटरी काढून टेबलावर ठेवली. मग सीट उचलली, माझी काळी टेप सोडवली, तारा पहिल्यासारख्या जोडल्या. टेपचा तुकडा खिशात घातला. कुणी उघडून बघितलं असतं तर सगळं कळलं असतं ना. आता कुणाला काही कळणार नव्हतं.

सीट परत बसवली. हात पुसायला वळलो...

खट्.

मागे बघितलं. कुणी नाही. पट्टा खुंटीवर होता तसाच लोंबत होता, जराही हलत नव्हता.

खट्.

हा आवाज मी ओळखतो. टोक लॉकमध्ये जातं आणि न अडकता परत येतं, त्याचा आवाज.

खट्... खट्...

घाईचा नव्हता तो. एखादा म्हातारा माणूस शांतपणे, चिडचिड न करता, पुन्हा पुन्हा पट्टा लावून बघतोय तसा.

मी लॉक उपसून काढलं. पेट्रोलने धुतलं, ब्रशने घासलं. चमच्याभर चिखल निघाला. परत बसवलं, पट्टा आत घातला. घट्ट बसला. दोन्ही हातांनी ओढला तरी सुटेना. पाऊण तासाचं काम होतं, पस्तीस मिनिटांत झालं.

मी पट्टा सोडला आणि मागे सरकलो. गॅरेजमध्ये शांतता होती.

मग समोरच्या फळीवर, त्या पांढऱ्या अक्षरांच्या वर...

लाल दिवा लागला.

बॅटरी माझ्या पाठीमागे टेबलावर होती. मी वळून बघितलं. तारा सुट्या होत्या.

दिवा लुकलुकत राहिला.

आठ दिवसांनी साळूबाई आल्या, सुभेदारांच्या पत्नी. त्यांना मी काकी म्हणतो. बग्गीच्या खणात सुभेदारांची वही होती, तेल कधी बदललं, हवा कधी भरली याची. ती न्यायला आल्या होत्या. विश्वजीत रस्त्यावरच गाडीला टेकून उभा राहिला.

मी वही दिली. काकी बग्गीजवळ गेल्या, पांढऱ्या अक्षरांवरून हात फिरवला. मग माझ्याकडे बघून विचारलं, "आजीम, तुमाला गाडीतलं कळतंय. खरं सांगा. त्यांनी पट्टा लावला हुता का न्हवता?"

ही वेळ होती. गॅरेजमध्ये आम्ही दोघंच होतो.

मी म्हटलं, "काकी, लावला नसंल."

त्यांनी वही पदराखाली घेतली आणि गेल्या.

संध्याकाळी पाचला मी माझ्या गाडीत बसलो. माझी साधी चारचाकी, माझ्या बायकोला, अर्फाला, माहेराहून मिळालेली. पट्टा लावला. खट्. नीट बसला.

समोरचा लाल दिवा विझला नाही.

म्हटलं, वायरिंग असेल. दुसऱ्या दिवशी लॉक बदललं. दिवा विझला नाही. तारा बदलल्या. तरी नाही. मी मेकॅनिक माणूस, इतक्यात हार मानणार नव्हतो. सगळं खोललं आणि तो बल्बच काढून हातात घेतला.

बल्ब माझ्या तळहातावर होता.

आणि त्याच्या रिकाम्या खाचेत... लाल उजेड होता.

अर्फाला दाखवला. ती म्हणाली, कुठे काय आहे? आमच्या अरिबाला विचारलं, सात वर्षांची आहे. तिलाही दिसला नाही. इस्लामपूरला पाहुण्याच्या गाडीत बसलो, तिथे दिसला. भाड्याच्या गाडीत पुढे बसलो, तिथेही. पट्टा लावून मी चार वेळा ओढून बघतो. ड्रायव्हर हसतात. दिवा मात्र विझत नाही.

बग्गी न्यायला कुणी आलं नाही. ती मागच्या शेडमध्ये उभी आहे. दुपारी कामगार जेवायला गेले की आवाज सुरू होतो. लॉक मी स्वतः धुतलंय, नवीन असल्यासारखं आहे. तरी तो पट्टा त्यांना लागत नाही.

खट्... खट्... खट्...

अकरा महिने मी हे ऐकलं. मग मागच्या आठवड्यात, मंगळवारी, काकींच्या दारात जाऊन उभा राहिलो.

त्या अंगणात डाळिंबं निवडत होत्या. विश्वजीत ओसरीवर होता. मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. तारा, टेप, सोमवार. खिशातून तो टेपचा तुकडा काढून त्यांच्यापुढे ठेवला. अकरा महिने तो पाकिटात होता, टाकवत नव्हता. विश्वजीतचं नाव मी घेतलं नाही. तो स्वतःच उठून आला आणि म्हणाला, मीच करायला लावलं होतं. मग भिंतीकडे तोंड करून रडला.

काकी रडल्या नाहीत. निवडत असलेलं डाळिंब त्यांनी बाजूला ठेवलं.

"मला ठावं हुतं," त्या म्हणाल्या. "शेवटची आंगूळ घालताना मी बघितलं. खांद्यापासनं कमरंपत्तूर पट्ट्याचा वळ हुता."

मला पुढे ऐकवेना. पण त्या थांबल्या नाहीत.

"गाडी कलंडताना पट्ट्यानं जरा धरलं आसंल, मंग सुटला. त्यांनी लावला हुता. मी सांगितलं, पन पंचनाम्याफुडं बाईचं कोन ऐकतंय? तवा तुमच्याकडं आले. वही काय, कुनीबी आनली आसती. तुमी काय म्हनताय, त्ये बघाया आले हुते."

म्हणजे मी खोटं बोलत होतो, तेव्हा समोरच्या बाईला खरं माहीत होतं.

मी त्यांचे पाय धरायला गेलो. त्यांनी पाय मागे घेतले.

म्हणाल्या, मला सांगून काय उपयोग? माझा तर त्यांच्यावर विश्वास होताच. ज्यांनी त्यांना नावं ठेवली, त्यांच्यापुढे सांगा. तुमच्या तोंडानं, तुमच्या नावानं.

येत्या रविवारी सुभेदारांचं वर्षश्राद्ध आहे. दुपारी बारा वाजता सगळं गाव जेवायला येईल. मी तिथे उभा राहून सांगणार आहे. त्यानंतर गॅरेजला गिऱ्हाईक येईल का, सासऱ्यांच्या जागेत राहता येईल का, पोलीस काय करतील, माहीत नाही. अर्फा म्हणते, सांगा. तिचा आवाज कापत होता, पण तिनं सांगा म्हटलं.

मला स्वतःची खात्री नाही. मी भित्रा माणूस आहे, अकरा महिन्यांत ते मला नीट कळलंय. रविवारी पाय कचरले तर मागे फिरता येऊ नये, म्हणून आज इथे आधीच लिहून टाकलं. म्हणून नावं बदलली नाहीत.

लिहून झाल्यावर वाटलं, निम्मं तरी सांगून झालं, एकदा बघावं. खाली जाऊन गाडीत बसलो. उन्हाने सीट तापली होती. पट्टा लावला. खट्. ओढून बघितला, घट्ट होता.

समोर बघितलं...

दिवा चालूच आहे.

आणि आज पहिल्यांदाच, शेजारच्या रिकाम्या सीटवरून आवाज आला. खट्. मग जरा थांबून, पुन्हा खट्.

त्यांनाही रविवारी यायचंय बहुतेक. दिवा विझेपर्यंत ते निघणार नाहीत.