आबानमधला वारा

फरंगीसनं वाळवंटातल्या यज्द शहरात एकतीस वर्षं लोकांना गारेगार घरं आखून दिली आणि स्वतः मात्र तिसऱ्या मजल्यावरच्या भट्टीत राहिली. गुडघे कुरकुरायला लागले, नवऱ्याचा, खुदादादचा, दमा हाताबाहेर गेला, तेव्हा कुठे तिला स्वतःसाठी घर बांधायचं सुचलं.

नकाशा साधाच. मधे अंगण, हौद, डाळिंबांसाठी चार खड्डे. दक्षिणेला सावलीतली उन्हाळी खोली. तिच्यावर बादगीर, वरचा वारा धरून खाली सोडणारा उंच बुरूज. समोर उबदार हिवाळी खोली. आबान महिना लागला, थंडी सुरू झाली, की बादगीरच्या तोंडाला फळ्या लावायच्या आणि बिऱ्हाड अंगणापलीकडे न्यायचं. सगळं शहर हेच करत आलं होतं.

ऐन उन्हाळ्यात बुरूज पुरा झाला. बाहेर पान हलत नव्हतं. तरी खाली वारा आला. गार, ओल्या पाल्याच्या वासाचा. हौद कोरडा होता, झाडं अजून लावायची होती.

"हा वारा कुठून आणलात, खानुम?" तिचा जुना गवंडी, उस्ताद रजबअली म्हणाला.

"बुरूज तुम्ही बांधलात. मला काय विचारता?"

खुदादाद त्या खोलीत आडवा झाला आणि त्याची धाप थांबली. कितीतरी महिन्यांनी फरंगीसलाही झोप लागली. मग कशाला खोलात जा?

पुढे पुढे तिच्या लक्षात आलं. वारा सलग येत नव्हता. खाली उतरायचा, थबकायचा, परत वर ओढला जायचा. खुदादादची छाती त्याच्याच तालावर हलायची.

आबान लागला. भिंती गारठल्या. रजबअली फळ्या घेऊन वर चढला. शेवटची फळी बसली आणि खुदादादची छाती थांबली.

"काढा उस्ताद! सगळ्या काढा!"

फळ्या निघाल्या. वारा उतरला. खुदादादनं डोळे उघडले, चहा मागितला.

"अहो, हिवाळाभर हे उघडं ठेवणार? गारठून मराल दोघं," रजबअली खाली येऊन म्हणाला. "उद्या येतो. नीट विचार करा."

हिवाळी खोलीत हा वारा पोचणार नव्हता. विचार करायला तिच्यात त्राण नव्हतं. रडायलाही नव्हतं. अंगावर तीन रजया घेऊन ती नवऱ्याशेजारी पडून राहिली.

सकाळी रजबअलीनं छतावरून हाक मारली. "खानुम, बोला. लावू का?"

तिनं तोंड उघडलं. आवाज फुटेना. छातीत हवाच नव्हती.

वारा खाली उतरेपर्यंत तिला थांबावं लागलं.

"नको," ती म्हणाली.